विश्लेषण : परदेश सहलीत खिसा कापला जातो कुठे? तिकडे, की सोलापुरातच?

सुट्टीचे दिवस जवळ आले की सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर थायलंड, दुबई, व्हिएतनाम, सिंगापूरच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. पासपोर्टचा अर्ज आता शहरातच टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात देता येतो, सहल हप्त्यांवर मिळते, काही देशांना तर आधी व्हिसाही काढावा लागत नाही. त्यामुळे ज्यांच्या घरातले आजवर कोणी परदेशी गेलेले नाही, अशी कुटुंबेही विमानात बसू लागली आहेत. निघताना त्यांना मिळणारे सल्ले साधारण एकाच छापाचे असतात : तिकडे पाकीट सांभाळा, टॅक्सीवाल्यापासून सावध राहा. सल्ला चुकीचा नाही. पण खिसेकापू फार तर एक पाकीट नेतो. त्याहून कितीतरी मोठी रक्कम, आणि काही वेळा घरातला माणूससुद्धा, हातचा जातो तो विमानात बसण्याआधी, इथेच, मोबाइलच्या पडद्यावर. हे कसे घडते आणि प्रत्यक्ष परदेशात काय सांभाळावे लागते, याचा हा आढावा.

पहिला फटका व्हिसाच्या अर्जातच कसा बसतो?

थायलंडने १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचे असते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सिंगापूरचे आगमन कार्ड मोफत आहे, मलेशियाचेही. तरीही या कार्डांसाठी पैसे मोजणारे प्रवासी कमी नाहीत.

याचे कारण शोधयंत्रात आहे. गुगलवर 'थायलंड अरायव्हल कार्ड' असे टाकले की सर्वांत वरच्या जागा जाहिरातींच्या असू शकतात. त्यावर बोट ठेवले की उघडणारे संकेतस्थळ अगदी सरकारी वाटते. ध्वज, राजचिन्ह, पासपोर्टचे चित्र, सगळे जागच्या जागी. अर्ज भरून घेतला जातो आणि शेवटच्या पानावर 'सेवाशुल्क' म्हणून कार्डाने पैसे मागितले जातात. काही जण तेच मोफत कार्ड भरून पाठवतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'आम्ही सरकारी संस्था नाही' असे लिहिलेले असते, त्यामुळे नंतर भांडायलाही जागा उरत नाही. काहींकडून पैसे घेतल्यावर काहीच येत नाही. दोन्ही प्रकारांत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि कार्डाचा तपशील अनोळखी हातात पडतो. शुल्कापेक्षा ते नुकसान अधिक मोठे.

खरे-खोटे ओळखण्यासाठी संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे असते, ते त्या संकेतस्थळाचे खरे आडनाव. थायलंड सरकारचे 'डॉट गो डॉट टीएच', सिंगापूरचे 'डॉट गव्ह डॉट एसजी', मलेशियाचे 'डॉट गव्ह डॉट एमवाय', व्हिएतनामचे 'डॉट गव्ह डॉट व्हीएन'. ही आडनावे विकत मिळत नाहीत. उलट शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' असेल, तर त्याच्या आधी 'गव्ह', 'इमिग्रेशन', 'ऑफिशियल' असे काहीही लिहिलेले असो, ते नाव कोणीही किरकोळ पैशांत नोंदवू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ शुल्क माहीत असणे. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकवेळच्या प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेकवेळच्या प्रवेशासाठी ५० डॉलर असतो. एजंटने त्यावर आपली मजुरी घेणे वेगळे आणि शंभर डॉलर 'सरकारी फी' म्हणून सांगणे वेगळे. आपल्या पासपोर्टचीही तीच कथा. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी त्यावर आणखी २,०००. पासपोर्ट सेवेची नक्कल करणाऱ्या संकेतस्थळांबाबत परराष्ट्र मंत्रालयाला स्वतःच इशारा द्यावा लागला आहे.

सहल विकणारा खरा आहे, हे कशावरून ओळखावे?

कार्यालय चकाचक आहे, गावातले चार जण त्याच्यासोबत जाऊन आले आहेत, एवढ्यावर लाखो रुपये दिले जातात. पहिल्या दोन सहली व्यवस्थित नेऊन तिसऱ्या वेळी आगाऊ रक्कम घेऊन कुलूप लावणे, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. त्यामुळे 'आमच्या शेजाऱ्यांना नेले होते' हा पुरावा अपुरा ठरतो.

त्याहून भक्कम पुरावा आयकर खाते देते. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर घ्यावा लागतो. तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. म्हणजे हा खर्च नसून जमा आहे. अनेक जण नेमके इथेच फसतात. 'रोख द्या, टीसीएस वाचवून देतो' असे कोणी म्हणाले की स्वस्त सौदा मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या सौद्याचा कागदोपत्री मागमूस राहत नाही. उद्या तक्रार द्यायची वेळ आली तर पोलीस ठाण्यात दाखवायला हातात काय असेल? वैयक्तिक यूपीआयवर टाकलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट, तोही रक्कम कशासाठी दिली हे न सांगणारा.

तिकिटाबाबत एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट निघाले असे नाही. पैसे न भरताही काही काळ जागा धरून ठेवता येते आणि त्यालाही पीएनआर मिळतो. ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत की तो आपोआप रद्द होतो. तिकीट खरोखर निघाले असेल तर बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांचा १३ आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. एअर इंडियाचा असेल तर तो ०९८ ने सुरू होतो. काही कमी दराच्या कंपन्या असा क्रमांक देत नाहीत. तिथे एजंटने पाठवलेली पीडीएफ न पाहता कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पीएनआर आणि आडनाव टाकून स्थिती पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

हज आणि उमराहच्या बाबतीत धोका आणखी गंभीर. भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर हज करता येत नाही, परवाना लागतो. परवान्याविना हज करणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला सौदी अरेबिया २० हजार रियालपर्यंत दंड करतो. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतील बहुसंख्य विनापरवाना आलेले होते, म्हणजे तंबू, वातानुकूलित बस या सोयींपासून वंचित. 'स्वस्तात हज' विकणारा एजंट नेमके हेच विकत असतो.

'थायलंडमध्ये नोकरी'ची तिकिटे पर्यटक म्हणून का काढली जातात?

कारण ती नोकरी थायलंडमध्ये नसते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमध्ये अडकलेल्या ६० हून अधिक भारतीयांची सुटका केली आणि पाच जणांना अटक केली, त्यात एक परदेशी नागरिकही होता. समोर आलेली पद्धत अशी : समाजमाध्यमांवरून तरुणांशी संपर्क, थायलंड आणि आसपासच्या देशांत भरघोस पगाराच्या नोकरीचे आमिष, पासपोर्ट-तिकिटाची व्यवस्था एजंटकडून, पर्यटक व्हिसावर थायलंड, आणि तिथून म्यानमारच्या सीमेकडे. पुढे लहान होडीतून नदी पार. पलीकडे सशस्त्र पहाऱ्यातली वसाहत आणि त्यात एकच काम : संगणकासमोर बसून लोकांना ऑनलाइन गंडवणे.

हा काही एकदाच घडलेला प्रकार नव्हे. त्याआधीच्या महिन्यात, १० आणि ११ मार्च २०२५ रोजी, हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतमधून दोन खेपांत अनुक्रमे २८३ आणि २६६ भारतीयांना परत आणले. ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या म्यावाडीजवळील 'केके पार्क' या वसाहतीवर छापे पडल्यावर शेकडो भारतीय पुन्हा नदी ओलांडून मे सोतला पळून आले. त्यांतील २७० जण ६ नोव्हेंबरला आणि १९७ जण १० नोव्हेंबरला परतले. परराष्ट्र मंत्रालयाचा पहिला ठळक इशारा मात्र त्याच्या तीन वर्षे आधीचा, २४ सप्टेंबर २०२२ चा आहे. 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' या पदाच्या नावाखाली संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुणांना जाळ्यात ओढले जाते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पदाचे नावसुद्धा तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

शिकलेले तरुणच का सापडतात, याचे उत्तर काही अंशी आपल्या नियमांत आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना सौदी, कुवेत, कतार, थायलंड अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास खात्याची परवानगी लागते. तिथे करारपत्र तपासले जाते. दहावी झालेल्यांना ही चाळणी नाही, कारण ते स्वतःचे हित पाहू शकतात असे गृहीत धरले आहे. गृहीतक वाजवी आहे. पण अभियंता किंवा पदवीधर पर्यटक म्हणून निघाला की त्याचे करारपत्र वाटेत कोणीच पाहत नाही. त्यातच थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना विनाव्हिसा प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि आधी व्हिसा काढण्याचा टप्पाही गळाला. पर्यटकांची जी सोय झाली, तीच टोळ्यांचीही झाली.

सोलापुरात अभियांत्रिकी करून नोकरीसाठी पुणे किंवा हैदराबादची गाडी पकडायची, हा इथल्या मुलांचा ठरलेला रस्ता. पुण्यात वर्षभर मुलाखती देऊन हाती काही लागले नसेल, मागे शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल, तर टेलिग्रामवर आलेला महिना लाखभराचा प्रस्ताव नाकारणे सोपे नसते. याला नुसता लोभ म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. प्रस्ताव तसाच बेतलेला असतो. लाओसमधील भारतीय दूतावासाने आपल्या इशाऱ्यात त्याचे वर्णनच दिले आहे : फोनवर साधी मुलाखत, टंकलेखनाची चाचणी, मोठा पगार, हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि व्हिसाची मदत. परतीचे तिकीट पाहून घरच्यांचीही खात्री पटते. ते तिकीट थायलंडच्या प्रवेश खिडकीवर आपण पर्यटक आहोत हे दाखवण्यासाठी असते, परत येण्यासाठी नव्हे.

पासपोर्ट काढून घेतल्यावर 'करार मोडल्याची भरपाई' मागितली जाते. काम नाकारणाऱ्यांना मारहाण, उपासमार, विजेचे झटके दिल्याचे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे. म्यानमारमध्ये बेकायदा शिरल्याचा ठपका असतो तो अडकलेल्यावरच. आणि यातली एक साखळी थेट आपल्या घरापर्यंत येते. 'डिजिटल अटक' किंवा बनावट गुंतवणुकीचा जो फोन इथल्या एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याला येतो, तो करणारा असाच कुठल्या तरी वसाहतीत डांबलेला मुलगा असू शकतो.

इराणच्या बाबतीतही असेच घडले. नोकरीचे किंवा तिथून तिसऱ्या देशात पाठवण्याचे आमिष दाखवून भारतीयांना नेले गेले आणि तिथे खंडणीसाठी अपहरण झाले. अखेर इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या भारतीय पासपोर्टधारकांची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत स्थगित केली.

तपासणी कशी करावी? परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. असा एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. दोन-तीन लाख मागणारा आणि एक रुपयाही न मागणारा, दोघेही संशयास्पद. नोकरीचे पत्र आणि पर्यटकाचा व्हिसा एकाच पाकिटात आला, तर पुढे चौकशी करण्याचीही गरज नाही. तिकीट रद्द करावे.

रस्त्यावरचा चोर आपल्याला कसा हेरतो?

गड्डा यात्रेत होम मैदानावर शिरताना सोलापूरकराचा हात आपोआप खिशावर जातो. आषाढीला पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत गळ्यातले पदराखाली झाकले जाते. हीच माणसे पॅरिस किंवा रोममध्ये मात्र निर्धास्त असतात. स्वच्छ रस्ते आणि नीटनेटके लोक पाहिले की इथे चोऱ्या होत नसतील, असा समज होतो. वस्तुस्थिती अशी की एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून काम बंद केले होते आणि जगातले ते सर्वांत गाजलेले संग्रहालय एक दिवस उघडलेच नाही.

प्रकार बहुतेक ठरलेले आहेत. कोणी सहीसाठी कागद पुढे करते आणि त्या कागदाच्या आडून पिशवीची साखळी उघडली जाते. माँमार्त्रच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधून मग पैसे मागतात. कपड्यावर सॉस सांडते आणि पुसायला धावून आलेलाच साथीदार निघतो. मेट्रोचे दार बंद होता होता दाराजवळच्या प्रवाशाच्या हातातला फोन ओढला जातो. लंडनमध्ये हेच काम ई-बाइकवरून येऊन करतात. साध्या वेशातले 'पोलीस' नोटा खोट्या आहेत का पाहायला पाकीट मागतात. खऱ्या पोलिसाला पर्यटकाच्या नोटा मोजायच्या नसतात, त्यामुळे 'ठाण्यात चला, तिथे दाखवतो' एवढे म्हणणे पुरते. बँकॉकमध्ये राजवाड्याबाहेर सुटाबुटातला गृहस्थ अदबीने सांगतो की राजवाडा आज बंद आहे, आणि स्वस्तात शहर दाखवणारी टुकटुक ठरवून देतो. ती थेट रत्नांच्या दुकानात नेते. राजवाडा उघडाच असतो. पट्टायात भाड्याने घेतलेली जेट-स्की परत करताना जुना ओरखडा दाखवून भरपाई मागितली जाते. चालवण्याआधी तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढला, तर हा वाद बहुधा सुरूच होत नाही. बालीत चलन बदलणारा दर चांगला सांगतो आणि नोटा मोजताना हातचलाखी करतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. अनोळखी माणूस स्वतःहून पुढे येतो आणि आपण सभ्यतेपोटी थांबतो. मराठी घरात पाहुण्याला किंवा विचारणाऱ्याला तोंडावर 'नको' म्हणायची सवय नसते. तिकडे मात्र न थांबता, न बोलता पुढे चालत राहण्याला कोणी उद्धटपणा समजत नाही.

आणखी एक सवय खास आपली. सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट, सगळे डॉलर आणि परतीची कागदपत्रे घरातल्या कर्त्या माणसाच्या कमरेच्या एकाच पिशवीत. सांभाळायला सोपे म्हणून. ती पिशवी गेली की सहा जण एकाच वेळी अडकतात. प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाकडे किंवा हॉटेलच्या तिजोरीत, आणि रोकड दोन-तीन ठिकाणी विभागून, हा उपाय फुकटचा आहे. दागिन्यांबद्दल वेगळे सांगायला नको. परतीच्या वेळी सीमाशुल्क विभागाचे प्रश्न टळतात, हा वरचा फायदा.

ओटीपी आल्याशिवाय पैसे जात नाहीत, हे खरे आहे का?

भारतात बहुतांशी खरे, बाहेर नाही. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची असल्याने ओटीपीची सवय अंगवळणी पडली आहे. परदेशी संकेतस्थळांवर मात्र अनेकदा केवळ कार्डावरचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणूनच हॉटेलच्या काउंटरवर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगितले, तर तो देऊ नये.

बचावाची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच करून ठेवली आहे. नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. सहलीपुरते चालू करावेत, ऑनलाइन आणि दुकानातले व्यवहार यांतले हवे तेवढेच चालू ठेवावेत आणि परतल्यावर बंद करावेत. हे शेवटचे विसरतात बरेच जण. बँकेत नोंदवलेले सिम रोमिंगवर चालू राहील, हेही पाहावे. नाहीतर इशाऱ्याचे संदेश घरी कपाटात ठेवलेल्या सिमवर येत राहतात.

दुकानात किंवा एटीएमवर यंत्र 'रुपयांत पैसे भरायचे का?' असे विचारते. आपल्या चलनाचे नाव पाहून बरे वाटते, पण त्या सोयीचा दर दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते आणि काही टक्क्यांचा फटका बसतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे. ही चोरी नव्हे, कायदेशीर आहे, इतकेच. रोकड एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते. ती बँकेकडून किंवा परवानाधारक चलन विनिमय केंद्रातूनच घ्यावी. 'ओळखीच्या माणसाकडे दोन रुपये स्वस्त मिळतो' या डॉलरची पावती नसते आणि नोट खोटी निघाली तर तक्रार करण्याची सोयही नसते.

विमानतळावरच्या चार्जिंगमधून फोन 'हॅक' होण्याची भीती मात्र जितकी पसरवली जाते, तितकी मोठी नाही. त्याचे सिद्ध झालेले प्रकार फारच विरळ आहेत. उघडा फोन हिसकावला जाण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. स्क्रीन लॉक, यूपीआय ॲपचे वेगळे कुलूप आणि फोन दूरून पुसण्याची सोय निघण्याआधी तपासावी.

रिकाम्या घराचे काय?

'चाललो युरोपला' असे विमानतळावरून टाकलेले स्टेटस चारशे लोक पाहतात. बंद घर फोडल्याच्या बातम्या शहरात नवीन नाहीत. फोटो परतल्यावर टाकले तरी ते तितकेच सुंदर दिसतात. घरी राहिलेल्या आई-वडिलांना एवढे मात्र सांगून जावे : 'तुमच्या मुलाला परदेशात पकडले आहे, लगेच पैसे पाठवा' असा फोन आला, तर आधी मुलाला आणि तो उचलत नसेल तर सहलीच्या व्यवस्थापकाला फोन करायचा. दोघांचे क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत.

चोरी झालीच, तर आधी काय करावे?

आधी कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसलेल्या, त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर त्याच्यावर भार येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर मर्यादित भार येतो. पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि खबर दिल्यानंतरचे बँकेचे. म्हणून प्रत्येक तास मोलाचा. भारतात १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. परदेशातून तो लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार देता येते, किंवा घरच्यांना इथून फोन करायला सांगता येते. फसवणारा एजंट इथलाच असेल तर सोलापूरच्या सायबर पोलिसांकडे जाण्यासाठी परत येईपर्यंत थांबू नये. घरातले कोणीही कागदपत्रे घेऊन जाऊ शकते.

मग स्थानिक पोलीस. युरोपात ११२, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५, दुबईत तातडीचे नसेल तर ९०१. चोर सापडेल या आशेने नव्हे, तर कागदासाठी. पोलिसांच्या नोंदीविना प्रवास विम्याचा दावा उभा राहत नाही, आणि बऱ्याच विमा पॉलिसींत ती २४ तासांत करण्याची अट असते. आपल्या पॉलिसीतली ही ओळ निघण्याआधी वाचून ठेवावी. ती बहुधा शेवटच्या पानावर असते.

पासपोर्ट गेला असेल तर तीच नोंद घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठावा लागतो. जुन्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, दोन फोटो आणि भारतीय असल्याचा एखादा पुरावा मेलवर ठेवलेला असेल तर काम सोपे होते. प्रत केवळ फोनमध्ये असेल आणि फोनच गेला असेल, तर मोठी पंचाईत. वेळ कमी असेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. ते फक्त भारतात परतण्यासाठी आणि एकाच प्रवासापुरते चालते. म्हणजे पॅरिसमध्ये पासपोर्ट गेला आणि पुढे लंडनचा मुक्काम ठरला असेल, तर तो रद्द. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाचा शिक्काही घ्यावा लागतो, त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. दूतावासाकडून प्रतिसाद मिळत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

परतल्यावर सोलापूरच्या केंद्रात नव्या पासपोर्टसाठी अर्ज देता येतो. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या ३६ पानी पासपोर्टच्या बदल्यात नवा घेण्याचे शुल्क ३,००० रुपये, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. जुन्यातले व्हिसा त्यासोबत येत नाहीत, ते पुन्हा काढावे लागतात. आणि एकदा चोरीचा म्हणून नोंदवलेला पासपोर्ट नंतर सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. तो रद्द झालेला असतो आणि विमानतळाच्या खिडकीवर संगणक तसेच सांगतो.